नववी कोण?

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढलाय, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा. त्यांना चालणं म्हणायचं होतं. मी वही आणली. बसल्या जागी होणारा व्यायाम मला पहिल्यापासून मानवतो.

आज माझ्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात कॅप्टनबाई आल्या. बावीस वर्षांपूर्वी इथल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघानं करंडक जिंकला, त्या संघाच्या या कॅप्टन. आता क्रीडा मंडळ चालवतात. मंडळाचं नवं बंदिस्त मैदान तयार झालंय. एक मार्चला उद्घाटन. समोरच्या अख्ख्या भिंतीवर त्यांना त्या संघाचा फोटो हवाय, वीस फूट रुंद, पंधरा फूट उंच. फोटो एकच आहे, तोही तेव्हाच्या पहिल्यावहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातला. नऊ मुली, एक बॉल, एक करंडक.

"फाटणार नाही ना?" त्यांनी विचारलं. छोटा फोटो ताणला की त्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात, त्याला आमच्या धंद्यात फाटणं म्हणतात.

"बाई, बाहेरचा बोर्ड वाचलात का?"

बोर्डावर लिहिलंय, 'कितीही मोठं करा, फाटणार नाही.' तो मीच लिहिलाय. तेव्हा कोणी काही मोठं करायला आणत नव्हतं, त्यामुळे बेधडक लिहिला.

नऊ मुलींतली नववी, अगदी कडेची, खांद्यावर टॉवेल टाकलेली, म्हणजे आमची सौ. मी माझा नेहमीचा विनोद केला, "आमचीच काय ती राखीव. टॉवेल सांभाळायला नेली होती." वीस वर्षं हा विनोद पाहुण्यांत हमखास चालतो. कॅप्टनबाई हसल्या नाहीत. खेळाडू माणसांना विनोद कळत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फाइल उघडली आणि डॉक्टर आठवले. आडवे सहाशे चाळीस ठिपके, उभे चारशे ऐंशी. आज लोक विकायच्या जुन्या चपलेचा फोटोसुद्धा याच्या कैकपट मोठा काढतात. एकेका मुलीच्या तोंडाच्या वाट्याला आडवे पंचवीस ठिपके. तेवढ्यात दोन डोळे, नाक आणि करंडक जिंकल्याचा आनंद बसवलेला.

आमचे ऑपरेटर पूर्वी टायपिस्ट होते. माउस असा सरकवतात की जणू खाली अंडं ठेवलंय. आम्ही त्यांना सावकाशराव म्हणतो. त्यांनाही ते पटलेलं आहे. त्यांच्याकडून नवं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. हे म्हणे हरवलेले ठिपके आपल्या मनानं भरून काढतं. मला आवडलं. माझं अर्धं आयुष्य असंच भरून काढलेलं आहे.

पहिला निकाल आला. सावकाशरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साहेब, बॉल हसतोय."

खरंच, बॉलला नाक, डोळे आणि बत्तीशी.

"कमी करा हो ते!"

"कमी केलं की मुली सुतकी दिसतात. तिसऱ्या नंबरच्या मुलीला तर सध्या दातांच्या दोन ओळी आहेत."

"मग बॉल तेवढा वगळा."

"बॉल वगळता येतो," ते म्हणाले, "पण मुलींचं काय? यानं जे तोंड भरलंय ते त्यांचंच कशावरून?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी त्यांना चहा आणायला पाठवलं.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. सौ.नं विचारलं, "अहो, फोटो दाखवा की आमचा."

म्हटलं, "आता काय बघतेस, डाळीएवढी तोंडं आहेत. मोठा झाला की बघ."

"किती वर्षांनी बघायला मिळेल."

"त्यात आणखी पंधरा दिवस."

तिचा खांदा दुखत असावा. चार दिवस बघतोय, सकाळी गॅलरीत उभी राहून उजवा हात गोल गोल फिरवते, मग वर नेऊन हवेत काहीतरी मारते. बोलून दाखवत नाही, सोशिक आहे. संध्याकाळी मलम आणून दिलं. तिनं आधी मलमाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "ठेवा तिथं." बायको एवढी भारावून गेलेली मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तोंडं त्यांचीच कशावरून, यावर माझी युक्ती. हे मात्र मी कौतुकानं लिहितो, कारण बाकी कोणी करणार नाही. प्रत्येक खेळाडूकडून त्या काळचा एखादा फोटो मागवायचा, सॉफ्टवेअरनं काढलेला चेहरा त्याच्याशी ताडून बघायचा, दुरुस्त करायचा, आणि तिला पाठवून लेखी घ्यायचं, 'हो, ही मीच.' भिंतीवर एकदा गेलं की मागे घेता येत नाही. बोर्ड रंगवायच्या दिवसांपासूनची ही माझी सवय. एकदा एका दवाखान्याच्या बोर्डावर वेळ चुकीची रंगवली होती. तीन महिने लोक बंद दाराशी कण्हत बसायचे.

चार जणींची उत्तरं आली. दोघींनी 'हो, मीच' लिहिलं. तिसरी म्हणाली, "मीच आहे, पण नाक एवढं बारीक कधी होतं? असू दे असू दे, काढू नका." कॅप्टनबाईंनी लिहिलं, "कान माझे नाहीत. पण बरे आहेत."

भिंतीवर यादी लावलीय, एकेका नावापुढे खूण करतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लांबडीचा फोन. संघातली सगळ्यात उंच मुलगी, आता बँकेत आहे. स्वतःचा चेहरा पास केला आणि गप्पांना बसली.

"तुमची बायको कशी आहे? हात चालतो का अजून?"

"खांदा दुखतोय जरा."

"दुखणारच! फायनलला चौदा-दहानं मागे होतो आम्ही. तिला आत घेतली, आणि तिनं ओळीनं सहा सर्व्हिस मारल्या. समोरच्यांना एक परत करता आली नाही. तुम्हाला माहीतच असेल."

"हो हो," मी म्हटलं.

"आणि सेमीफायनलला बॉलमागे झेपावली ती थेट पंचांच्या खुर्चीवर. हनुवटीला टाके. तरी दुसऱ्या दिवशी हजर."

मी हनुवटीचं सायकलवरून पडल्यामुळे समजत होतो. कोणीतरी सायकलवरून पडलेलं होतं खास, बहुतेक मीच.

लांबडीला गोष्टी फुगवून सांगायची सवय दिसते. तरी पुढच्या वेळी टॉवेलच्या विनोदात सहा सर्व्हिस कुठं बसवता येतील ते बघायला हवं.

आठही खुणा झाल्या. नववीवर मी स्वतःच खूण केली. घरचं माणूस, त्याला काय विचारायचं? चेहरा स्क्रीनवर आणला, बघितला. छान होता. हनुवटीवर धुळीचा एक काळा ठिपका होता तेवढा सावकाशरावांना पुसायला लावला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

छापून झालं. चार पट्ट्या जोडल्या आणि दुकानातली टेबलं हलवून जमिनीवर पसरलं. खणखणीत! पापण्यांचे केस मोजावेत. मी मोजे घालून त्यावरून चालत होतो, तेवढ्यात सौ. डबा घेऊन आली.

तिनं चपला काढल्या, डबा खाली ठेवला आणि कडेकडेनं चालायला लागली. "ही कॅप्टन... ही लांबडी, अगं बाई! ही खडूस, ही डावरी..." आठ जणींपाशी ती थांबली, हसली, एकीपाशी तर वाकून गालाला हात लावला. मग शेवटाला पोचली.

"ही नववी कोण?"

"कोण म्हणजे? तूच की!"

"असं?"

मी तिच्या शेजारी जाऊन बघितलं. फोटोतली मुलगी गोरीपान, धारदार नाकाची, साबणाच्या जाहिरातीत शोभावी अशी हसत होती. मग सौ.कडे बघितलं. मग परत खाली. सावकाशराव पंखा पुसायला स्टुलावर चढले.

"आठ जणींना विचारलंत ना, तूच का म्हणून?"

"विचारलं. पण तू तर घरातलीच, मला माहीत नाही का तू कशी..."

"माझ्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. कुठल्या बाजूला?"

ती तेव्हा पाठमोरी होती. मी म्हटलं, "उजव्या."

पन्नास टक्के शक्यता होती. याहून कमी भरवशावर मी यंत्रं विकत घेतली आहेत.

सौ.नं चपला घातल्या. "डबा गरम आहे तोवर जेवा," म्हणाली आणि गेली. सावकाशरावांनी स्टुलावरूनच सांगितलं, "साहेब, डाव्या." मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? ते म्हणाले, "वहिनी डबा देतात तेव्हा समोर असतात."

२२ फेब्रुवारी, रविवार

सौ. बोलत नाही असं नाही. सगळं बोलते. दूधवाला, गॅस, पडद्याची दोरी. तेच जास्त वाईट.

दुपारी म्हणाली, "एक तारखेला मी येणार नाही. दुकान बघेन."

"रविवारी दुकान बंद असतं."

"मग बंद दुकान बघेन."

"अगं, एवढ्याशा कारणासाठी..."

"एवढंसंच आहे. पण तिथं लोक आधी भिंतीकडे बघणार, मग माझ्याकडे. दोघींतली खरी कोण ते सांगत मी उभी राहणार नाही."

मी म्हटलं, चेहरा दुरुस्त करतो, त्यात काय! आणि त्या सहा सर्व्हिसचं तू मला कधी बोलली नाहीस ते?

"सांगितलं होतं. लग्न झालं त्या वर्षी. नंतर तुम्ही तो टॉवेलचा विनोद काढलात. लोक हसायला लागले. हसणाऱ्या माणसांना मध्येच थांबवून काय सांगायचं?"

माझ्यासाठी ही बातमी आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्तीसाठी सौ.चा त्या काळातला चेहरा हवा. लग्नाचा अल्बम काढला. त्यातला चेहरा सॉफ्टवेअरला दिला, तर खेळाच्या कपड्यांवर सजलेली नवरी उगवली. आता सासरी जाते की सर्व्हिस मारते, कळेना.

मग घरातले सगळे फोटो पालथे घातले. सगळे मीच काढलेले. वीस वर्षांत हनुवटी नीट दिसेल असा एक फोटो हवा होता फक्त. नव्या मशीनचे एकवीस फोटो आहेत, सगळ्या बाजूंनी. त्यांतल्या तीन फोटोंत सौ.चं कोपर आहे. सहलीच्या फोटोत धबधबा आहे आणि खाली एक ठिपका आहे, तो ती किंवा पाण्याचा पंप. लेकीच्या वाढदिवसांत दरवर्षी केक आहे, लेक आहे, मागे अर्ध्यावर कापलेली सौ. आहे.

अल्बम परत ठेवताना हात थोडा जड झाला. रक्तदाब असेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कॅप्टनबाई दुकानात आल्या त्या तणतणतच.

"ती येत नाही म्हणते! काय केलंत?"

मी फ्लेक्स दाखवला. त्यांनी नववीपाशी जाऊन बघितलं. "ही कोण भवानी?"

"तेच झालंय."

"हे बघा, एक तारखेला आमची जुनी टीम मंडळाच्या मुलींशी मॅच खेळणार आहे. दोघी परदेशात, एकीचा गुडघा गेलाय. उरलो सहा, तुमच्या बायकोला धरून. ती नाही तर आम्ही पाच. पाच जणी कोर्टवर उतरत नाहीत. ती तर महिनाभर तयारी करतेय, तुम्हाला दिसलं नाही?"

"तयारी?"

"हात! सर्व्हिसचा हात! गॅलरीत!"

मलमाची ट्यूब घरी खिडकीत आहे. बूच अजून उघडलेलं नाही.

"चेहरा नीट करा," बाई म्हणाल्या, "नाहीतर भिंत कोरी ठेवा. पण ती यायला हवी."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत सॉफ्टवेअरकडून चौदा चेहरे काढून घेतले. चौदा सुंदर मुली. एकीलाही मी ओळखत नाही.

चार वाजता कंटाळून दाराबाहेर गेलो, रस्ता ओलांडला, पलीकडच्या पारावर बसलो. तिथून दुकानाच्या काचेतून आतला स्क्रीन दिसतो. सावकाशरावांनी पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून मूळ फोटोच उघडून ताणला होता, काहीही न भरता, नुसते चौकोन. आणि पलीकडून मला सौ. दिसली.

तीच. एका पायावर भार टाकून, मान थोडी तिरकी, करंडकाकडे न बघता बाहेर कुठंतरी बघतेय. हल्ली गॅसवर दूध ठेवून अशीच उभी असते.

धावत आत गेलो. स्क्रीनजवळ नुसते मातकट चौकोन. परत रस्ता ओलांडला. तिथून सौ. दिसली. मी परत आत. चौकोन. तीन फेऱ्या झाल्यावर सावकाशराव दाराशी आले.

"साहेब, काही हरवलंय का?"

"राव, इकडे या. हां, इथं उभे राहा. बघा."

त्यांनी बघितलं. हळूच म्हणाले, "वहिनी." मग म्हणाले, "तो ठिपका धूळ नव्हता हो. हनुवटीवर डावीकडे एकच चौकोन. मी पुसला."

"मी पुसायला लावला."

मी शिडीवर चढून माणसाएवढी अक्षरं रंगवलेला माणूस. तिथं नाक लावून काय रंगवतोय ते कधी कळायचं नाही. दर दोन अक्षरांनी उतरून रस्त्यापलीकडे जाऊन बघायचं, ही पहिली शिकवण. वातानुकूलित दुकान झाल्यापासून रस्ता ओलांडलाच नव्हता.

नव्या मैदानाची लांबी पावलांनी मोजून आलो. दारापासून भिंतीपर्यंत ऐंशी फूट. वीस फुटांवर पसरला की एकेक चौकोन नखाएवढा होतो. ऐंशी फुटांवरून डोळे ते आपोआप सांधतील.

किंवा नाही सांधणार. उद्या छापतोय.

२८ फेब्रुवारी, शनिवार

टांगला. मंडळाचे सचिव आले आणि थेट फ्लेक्सला नाक लावून उभे राहिले.

"ही काय फरशी छापलीय? हा तर फाटलाय!"

"फाटलाय," मी म्हटलं. धंद्यात हा शब्द मी गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदाच मान्य केला. "या माझ्याबरोबर."

त्यांचं कोपर धरून मागे मागे नेलं. नेटपाशी म्हणाले, "माणसं वाटतात." मागच्या रेषेवर, "मुली आहेत." दारात पोचल्यावर बोट केलं ते एकदम कडेला. "ही ती. सहा सर्व्हिसवाली. मी तेव्हा गुण लिहायला बसलो होतो. नाव काय बरं तिचं?"

मी नाव सांगितलं. कोण लागते तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा नव्यानं बघितलं.

घरी सौ.ला एवढंच म्हटलं, "फोटो बदललाय. सॉफ्टवेअरचं काही ठेवलं नाही. खेळू नकोस हवं तर, पण बघायला ये. पसंत नसेल तर मी तुझ्यासमोर उतरवतो, शिडी तिथंच आहे."

"बघू," म्हणाली.

वीस वर्षांत तिच्या 'बघू'चा अर्थ मी कधी विचारला नाही. आजही धीर झाला नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी ती माझ्याआधी तयार. मी नुसत्या चपला शोधल्या. बोलून बिघडवण्यात माझा हातखंडा आहे.

दारातच थांबली. आत गर्दी होती, पाच जणी कोर्टवरून हात करत होत्या. ती भिंतीकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो. टाक्यांची खूण डावीकडे, बरोबर.

"केस किती होते हो मला," ती म्हणाली. मग, "मी आईला शोधत होते. बसायला जागा मिळाली नव्हती तिला, पार मागे उभी होती. म्हणून तिकडे बघतेय." एवढं बोलून पर्स माझ्या हातात दिली आणि कोर्टवर गेली.

पहिली सर्व्हिस नेटमध्ये. मी डोळे मिटले. दुसऱ्या वेळेला कसला तरी फटका ऐकू आला आणि सगळं मैदान ओरडलं, म्हणून उघडले. चांगली की वाईट ते मला शेजारच्यांना विचारावं लागलं. म्हणाले, "अहो, चांगली! बघितली नाहीत?" त्यानंतरच्या सगळ्या बघितल्या. मंडळाच्या मुलींनी यांना सरळ हरवलं. सहा जणी कोर्टवर आडव्या पडून हसत होत्या.

घाम पुसत ती भिंतीपाशी आली, नवव्या मुलीच्या खाली. मी मोबाइल काढला. म्हटलं, थांब, दोघी एकत्र येऊ देत. सवयीनं मागे मागे सरकायला लागलो, मागची रेषा, त्याच्याही मागे, म्हणजे अख्खी भिंत बसेल.

"अहो," ती तिथून ओरडली. ऐंशी फुटांवर स्पष्ट ऐकू आलं, सगळ्यांनाच. "कुठं चाललात? भिंत तिथंच राहणार आहे. माझा काढा. जवळ येऊन काढा."

गेलो. इतका जवळ की भिंत फोटोत आलीच नाही.